तंत्रशिक्षण संस्थेत यशाचं कौतुक कसं करावं: नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

वेल्डिंग, फिटिंग, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाइल, पाककला, आरोग्य सहायक, केशरचना असे व्यवसाय शिकवणाऱ्या संस्थेत ‘यंदापासून गुणगौरवाचं तुम्ही बघा’ असं सांगितलं गेलं, की नवीन माणूस सहसा सभागृह, प्रमुख पाहुणे आणि ट्रॉफ्या यांच्या मागे लागतो. ही सगळ्यात शेवटची कामं आहेत. कार्यक्रम महिन्यावर आला की निदेशकांकडे (म्हणजे व्यवसाय शिकवणाऱ्या शिक्षकांकडे) नावं मागितली जातात, आणि निदेशक आठवतील ती चार नावं देतात. ती बहुधा गेल्या दोन महिन्यांतली असतात किंवा वर्गात उठून दिसणाऱ्या मुलांची. बाकीच्यांनी वर्षभर काय केलं ते कुठेच नोंदलेलं नसतं.

तंत्रशिक्षणाची एक मोठी सोय आहे. इथलं यश हातात धरता येतं, गेज लावून तपासता येतं, मीटर लावून मोजता येतं. ही सोय वापरायची, म्हणजे कौतुक करताना काय केलं आणि कोणत्या कसोटीवर उतरलं हे नेमकं सांगायचं. ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ एवढंच प्रमाणपत्रावर लिहिलं, तर शेजारच्या बेंचवर काम करणाऱ्यालाही कळत नाही की हे कशाबद्दल मिळालं. पुढची सगळी पावलं या एकाच गोष्टीभोवती आहेत.

पहिलं पाऊल: नोंद ठेवायला सुरुवात करा

एक वही घ्या किंवा संगणकावर एक साधी शीट उघडा. रकाने पाचच पुरेत: तारीख, नाव, काय केलं, कशावरून कळलं, कुणी पाहिलं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, प्रत्येक वर्कशॉपमधून एक चक्कर मारा आणि निदेशकांना एकच प्रश्न विचारा: ‘गेल्या आठवड्यात कुणाला असं काय जमलं, जे आधी जमत नव्हतं?’ ‘कोण चांगलं काम करतंय?’ असं विचारलं तर तीच तीच नावं येतात. पहिल्या प्रश्नाने शांत मुलं पुढे येतात.

निदेशकांखेरीज आणखी काही माणसांना विचारायला हवं. स्टोअरकीपरला माहीत असतं की कोणती बॅच हत्यारं पुसून, मोजून, वेळेवर परत करते. अ‍ॅप्रेंटिसशिपसाठी मुलं जिथे जातात तिथल्या सुपरवायझरला माहीत असतं, की कोणी पहिल्याच आठवड्यात काम समजून घेतलं. ग्रंथपाल आणि वसतिगृहाचे व्यवस्थापक यांनाही विचारा. कोण कुणाला रात्री ड्रॉइंग वाचायला शिकवतं हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि ते कुठल्याच गुणपत्रिकेत उतरत नाही.

सुरुवातीला नोंदी कमी येतील. त्याने खट्टू होऊ नका. विचारणारा माणूस दर आठवड्याला येतो हे लक्षात आलं, की निदेशक स्वतःहून सांगायला लागतात.

दुसरं पाऊल: कशाला यश म्हणायचं ते ठरवा

इथे प्राचार्य, दोन-तीन वेगवेगळ्या व्यवसायांचे निदेशक आणि शक्य असेल तर एक-दोन प्रशिक्षणार्थी यांच्यासोबत तासभर बसा. परीक्षेतले गुण आणि स्पर्धेतली पदकं ही दोन कप्प्यांची यादी आपोआप तयार होते. ती तेवढ्यावर थांबू देऊ नका.

बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळणं हे वेगळं यश आहे, कारण तिथे आपल्या निदेशकाच्या मताला जागा नसते. नोकरी किंवा अ‍ॅप्रेंटिसशिप मिळणं हे वेगळं. एखाद्या कौशल्यात हात बसणं हे आणखी वेगळं. एखाद्या मुलीला पहिल्या सहा महिन्यांत सरळ फाइलिंग जमत नव्हतं आणि आता तिच्या जॉबला (म्हणजे तिने घडवलेल्या तुकड्याला) ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावलं तर फटीतून उजेड दिसत नाही, हे पहिल्या क्रमांकाइतकंच महत्त्वाचं आहे असं मी मानतो. पहिला येणारा काही वेळा घरूनच थोडंफार शिकून आलेला असतो. तिने जे कापलंय ते अंतर संस्थेत कापलंय.

सुरक्षिततेबद्दल मात्र सावध राहा. ‘वर्षभर एकही अपघात नाही’ याबद्दल वर्कशॉपला बक्षीस द्यायची कल्पना आकर्षक वाटते. पण औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात हा धोका चांगलाच माहीत आहे: शून्य अपघातावर बक्षीस ठेवलं की लोक छोट्या जखमा लपवू लागतात. बोट कापलेला मुलगा रुमाल गुंडाळून गप्प बसतो, कारण बोललो तर सगळ्या बॅचचं बक्षीस जाईल. त्याऐवजी धोका आधीच ओळखून सांगणाऱ्याचं कौतुक करा. ग्राइंडरच्या टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) आणि चाकामधली फट वाढली आहे हे ज्याने पाहिलं आणि मशीन बंद करून सांगितलं, तो सत्काराला पात्र आहे. ती फट साधारण ३ मिलिमीटरच्या आत असावी लागते. जास्त झाली तर जॉब आत ओढला जाऊन चाक फुटू शकतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना २००३ पासून २८ एप्रिल हा दिवस कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यांसाठी पाळते. अशा नोंदी जाहीर करायला तो दिवस चांगला.

तिसरं पाऊल: खात्री करा

हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे चूक झाली तर कौतुकाचा अपमान होतो. नावाचं स्पेलिंग आणि उच्चार त्या व्यक्तीलाच विचारा. हजेरीपटावरून उतरवू नका, तिथे वर्षानुवर्षं चुकलेली नावं तशीच चालत आलेली असतात. प्रमाणपत्र कुणी दिलं, कोणत्या पातळीचं, कोणत्या तारखेचं आणि किती काळ वैध, हे मूळ कागद पाहून लिहा.

वेल्डिंगचं उदाहरण घ्या. ‘प्रमाणित वेल्डर’ एवढंच लिहिलं तर ते अर्धवट आहे. वेल्डरची परीक्षा विशिष्ट प्रक्रियेची, विशिष्ट धातूची आणि विशिष्ट पोझिशनची असते. पाइप ४५ अंशांत तिरका आणि पक्का बांधलेला, तो फिरवायची मुभा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरत वेल्ड पूर्ण करायचा, ही ६जी पोझिशन. सपाट प्लेटवरच्या १जी परीक्षेपेक्षा ती कितीतरी अवघड. दोघांना एकाच शब्दाने गौरवलं तर अवघड परीक्षा देणाऱ्यावर अन्याय होतो, आणि सोपी देणाऱ्याला उद्या मुलाखतीत खाली मान घालायची वेळ येते. शिवाय या पात्रता कायमच्या नसतात. ठरावीक काळ तो प्रकार हाताने केला नाही तर त्या संपतात. म्हणून तारीख हवीच.

चौथं पाऊल: परवानगी घ्या

नाव, फोटो, गुण आणि नोकरीचा तपशील या चार गोष्टींसाठी वेगवेगळी परवानगी घ्या. एकाच सहीत सगळं उरकू नका. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही लागेल असं धरूनच चाला. देशोदेशी कायदे निराळे आहेत: अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी १९७४ चा फर्पा कायदा आहे, युरोपीय संघात २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे, भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. तुमच्या संस्थेला कोणता नियम लागू होतो ते कार्यालयाकडून लेखी घ्या.

कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. काहींना जाहीर कौतुक नको असतं. कुणाच्या घरची परिस्थिती अवघड असते, कुणी कुणापासून दूर राहत असतं, कुणाला स्टेजवर जायचीच धास्ती वाटते. ‘तुझं नाव सांगितलेलं चालेल का?’ हे एकटं गाठून विचारा, वर्गासमोर विचारू नका. नको म्हटलं तर कारण विचारू नका. निदेशकांनी हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी त्यांना द्या. ती बहुतेक जण जपून ठेवतात.

पाचवं पाऊल: गौरवाचे शब्द लिहा

जास्तीत जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक नावामागे तीन ते पाच वाक्यं पुरतात, पण ती त्या एकाच माणसाला लागू पडणारी हवीत. लिहून झाल्यावर नाव झाका आणि वाचा. तेच वाक्य दुसऱ्या कुणालाही चालत असेल तर ते खोडून पुन्हा लिहा.

समजा निदेशकांनी कळवलं: ‘मेहनती आणि हुशार मुलगा, टर्निंगमध्ये उत्तम.’ यावरून काहीच लिहिता येणार नाही. त्यांच्याकडे परत जा आणि विचारा, कोणता जॉब, माप काय होतं, अडचण कुठे आली, तो काय वेगळं करतो? मग हाती असं काही लागतं: ‘२५ मिलिमीटर व्यासाचा स्टेप शाफ्ट त्याने ०.०२ मिलिमीटरच्या टॉलरन्समध्ये बसवला. पहिले दोन जॉब एका टोकाकडे निमुळते होत होते. टेलस्टॉक सेंटर सरळ रेषेत नाही हे त्याने स्वतः डायल इंडिकेटर लावून शोधलं, निदेशकांना दाखवलं आणि त्यांच्या देखरेखीखाली सेट केलं.’ हे ऐकताना वर्कशॉपमधली मुलं मान हलवतात, कारण टेलस्टॉकने, म्हणजे जॉबचं दुसरं टोक धरणाऱ्या लेथच्या भागाने, त्यांनाही छळलेलं असतं. आणि सभागृहात बसलेल्या आईला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कळला नाही तरी आपल्या मुलाने दोष शोधून काढला हे कळतं.

इतर व्यवसायांतही हेच करता येतं. इलेक्ट्रिकलमध्ये: ‘पॅनेलचं वायरिंग पूर्ण केल्यावर तिने आपणहून इन्सुलेशन टेस्ट घेतली आणि एका फेजला गळती आहे हे वीज देण्याआधी दाखवलं.’ आरोग्य सहायक अभ्यासक्रमात: ‘नाडी आणि रक्तदाब यांची नोंद करताना आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला, तेव्हा त्याने अंदाजाने काही लिहिलं नाही. पुन्हा मोजलं आणि परिचारिकेला बोलावलं.’ पाककलेत: ‘चाळीस ताटं एकाच वेळी, एकाच तापमानाला बाहेर गेली आणि त्या वेळापत्रकाचा कागद तिने आदल्या दिवशी बनवला होता.’

‘हुशार’ हा शब्द मी शक्यतो टाळतो, आणि त्यामागे कारण आहे. म्युलर आणि ड्वेक या संशोधकांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं होतं ती मुलं पुढे अपयश आल्यावर लवकर हात टेकत होती, ज्यांच्या प्रयत्नांचं कौतुक केलं होतं ती टिकून राहत होती. तंत्रशिक्षणात अपयश रोजचंच आहे. जॉब रिजेक्ट होतो, बेंड टेस्टमध्ये वेल्ड तुटतो, कणीक फुगत नाही. म्हणून दोष कसा शोधला आणि कसा काढला हे शब्दांत यायला हवं.

सहानुभूतीचा सूर मात्र नको. ‘अत्यंत गरिबीतून वर आलेला’, ‘मुलगी असूनही वेल्डिंग शिकणारी’, ‘अपंगत्वावर मात करून’ अशी वाक्यं ऐकताना तो प्रशिक्षणार्थी स्टेजवर संकोचून उभा असतो. तो वेल्डिंग करतो म्हणून तिथे आला आहे. त्याची गरिबी सांगायची की नाही हे त्याचं त्याने ठरवावं.

सहावं पाऊल: फोटो

व्यावसायिक संस्थेच्या फोटोकडे उद्योगातली माणसं बारकाईने पाहतात. चेहऱ्याआधी त्यांची नजर हातांवर आणि डोळ्यांवर जाते. लेथसमोर हातमोजे घालून उभा असलेला मुलगा, चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) तशीच राहिलेली चावी, ग्राइंडिंग करताना गॉगल नाही, गाडीखाली झोपलेला प्रशिक्षणार्थी आणि आधाराला फक्त जॅक, स्टँड नाहीच. असा एक फोटो बाहेर गेला, तर तुमच्या संस्थेत हेच शिकवतात असा अर्थ निघतो. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं तोच फोटो पाहून तसंच उभं राहायला शिकतात.

फिरत्या मशिनवर हातमोजे का नकोत हे तुम्हाला स्वतःला ठाऊक हवं: कापड अडकलं तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. फोटो काढायच्या आधी त्या व्यवसायाच्या निदेशकांना कॅमेऱ्यातली चौकट दाखवा आणि विचारा, ‘यात काही चुकतंय का?’ वेल्डिंगचा फोटो काढताना आर्क चालू असेल तर छायाचित्रकारालाही गडद काच लागते. त्या प्रकाशातली अतिनील किरणं काही सेकंदांतही डोळ्यांना इजा करू शकतात. त्रास मात्र काही तासांनी, बऱ्याचदा रात्री सुरू होतो, म्हणून लोक बेसावध राहतात. सोपा मार्ग असा, की आर्क बंद असताना, हेल्मेट वर करून, हातात पूर्ण झालेला जॉब घेऊन फोटो काढावा.

आरोग्याच्या अभ्यासक्रमात खऱ्या रुग्णासोबत फोटो नकोच, रुग्णाने हो म्हटलं तरीही. सरावाच्या पुतळ्यासोबत काढा. मागे फळ्यावर रुग्णाचं नाव, संगणकाच्या पडद्यावर नोंदी, भिंतीवर ग्राहकाच्या गाडीचा नंबर असं काही दिसत नाही ना, हेही पाहा.

आणि जॉबचा वेगळा फोटो घ्या. जवळून, स्वच्छ उजेडात, शेजारी पट्टी किंवा कॅलिपर ठेवून. माणसाचा फोटो घरच्यांना आवडतो, जॉबचा फोटो नोकरी देणाऱ्याला.

सातवं पाऊल: कर्मचाऱ्यांचं यश

इथे बहुतेक संस्था कमी पडतात. वर्षातून एकदा ‘आदर्श निदेशक’ निवडला जातो, ज्येष्ठतेनुसार पाळी लावली जाते आणि विषय संपतो.

निदेशकाचं यश दिसणं अवघड असतं, कारण ते मुलांच्या हातांतून दिसतं. म्हणून मुद्दाम शोधावं लागतं. कुणी जुन्या मशिनचा गार्ड स्वतः बनवून बसवला. कुणी उद्योगात पंधरा दिवस जाऊन नवीन कंट्रोलर शिकून आला आणि परत आल्यावर इतर निदेशकांना शिकवला. कुणी ड्रॉइंग न कळणाऱ्या मुलांसाठी थर्माकोल कापून मॉडेल तयार केली. उद्योगातून शिकवण्याकडे आलेला माणूस तर दुप्पट शिकत असतो. वीस वर्षं हाताने केलेली गोष्ट शब्दांत कशी सांगायची, हे त्याला नव्याने शिकावं लागतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी ते त्याला जमलं असेल तर त्याची नोंद घ्या.

शिकवत नसलेल्यांना विसरू नका. कंप्रेसर बंद पडला आणि तपासणी दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा रात्री थांबून तो चालू करणारा देखभाल कर्मचारी, प्रवेशाच्या गर्दीत कागद अपुरे असलेल्या मुलांना परत न पाठवता मार्ग दाखवणारी लिपिक, भंगार वेगवेगळं करून त्यातून सरावासाठी धातू बाजूला काढून ठेवणारा सफाई कर्मचारी. या माणसांचा गौरव ‘सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे आभार’ या एका वाक्यात आटपतो, आणि मला ते फार खटकतं. ज्याच्या कामावर सगळं वर्कशॉप चालतं त्याचं नाव घ्यायला किती वेळ लागतो?

कर्मचाऱ्यांच्या निवडीत सहकाऱ्यांची मतं घ्या, पण गुप्त मतदान लावू नका. त्यातून लोकप्रियतेची स्पर्धा होते. घडलेला एक प्रसंग आणि त्याचा परिणाम लिहून शिफारस मागवा. प्रसंग नसलेली शिफारस परत पाठवा. जागतिक शिक्षक दिन १९९४ पासून ५ ऑक्टोबरला पाळला जातो. शिक्षकांच्या दर्जाविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी १९६६ मध्ये केलेल्या शिफारशीची ती आठवण आहे. निदेशकांसाठी तो दिवस वापरता येईल. प्रशिक्षणार्थ्यांसाठी १५ जुलै आहे: संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये तो जागतिक युवा कौशल्य दिन म्हणून जाहीर केला.

स्पर्धेत गेलेल्यांचं काय

कौशल्य स्पर्धांचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. १९५० मध्ये माद्रिदला स्पेन आणि पोर्तुगालमधली तरुण मुलं कौशल्य स्पर्धेसाठी एकत्र आली, आणि त्यातूनच आजची वर्ल्डस्किल्स स्पर्धा वाढली. आता ती साधारण दर दोन वर्षांनी होते. २०२४ ची स्पर्धा फ्रान्समधल्या लियाँ शहरात झाली. तिथे सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदकांखेरीज उत्कृष्टतेचं एक पदकही असतं. पहिल्या तिनांत नाव नसलं तरी ठरलेली गुणपातळी ज्यांनी गाठली, त्यांना ते मिळतं.

तुमच्या संस्थेतही हे तत्त्व आणा. आधी पातळी ठरवा, लिहून भिंतीवर लावा, आणि जो ती गाठेल त्या प्रत्येकाला मान द्या, मग ते दोन असोत की तेवीस. क्रमांक लावायचा तर तो याशिवाय लावा. विभागीय फेरीत हरून आलेल्या संघाला परतल्यावर वर्कशॉपमध्ये बोलवा आणि इतरांना त्यांच्याकडून शिकू द्या: वेळ कुठे कमी पडला, दुसऱ्या संघाने फिक्स्चर (जॉब पक्का धरून ठेवणारी रचना) कसं लावलं होतं, परीक्षकांनी गुण कुठे कापले. हा अर्धा तास कुठल्याही ट्रॉफीपेक्षा उपयोगी असतो. आणि ज्या निदेशकांनी सुट्टीच्या दिवशी सराव घेतला, त्यांचं नाव संघासोबत घ्या.

बक्षिसाने उलटही होतं

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ मधला प्रयोग या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलं तर बक्षीस देऊ’ असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ती मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक दिलं त्यांच्यात ही घट दिसली नाही. आणखी एक मोठा प्रयोग अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, पंधरा हजारांवर शालेय विद्यार्थ्यांवर झाला. ज्यांची एखाद्या महिन्यात पूर्ण हजेरी होती अशा मुलांना अनपेक्षित बक्षीस दिल्यावर त्यांची पुढची हजेरी उलट कमी झाली. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की बक्षिसामुळे मुलांना वाटलं, आपण अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय.

या दोन प्रयोगांतून सगळीच बक्षिसं वाईट असं निघत नाही. माझा निष्कर्ष इतकाच, की हजेरी आणि गणवेश अशा किमान अपेक्षांवर बक्षीस लावू नये, आणि जे काम मुलं आवडीने करतात त्याला आमिष जोडू नये. काम झाल्यावर, कामाबद्दल नेमकं बोलावं. वस्तू द्यायचीच असेल तर अशी द्या जी उद्या हातात घेतली जाईल: चांगलं व्हर्नियर, मल्टिमीटर, शेफची सुरी, स्टेथोस्कोप, कात्रीचा सेट. त्यावर नाव कोरून द्या. कपाटात ठेवायच्या ट्रॉफीच्या खर्चात हे बसतं.

कार्यक्रम कसा करावा

आता सभागृह. दीड तासाच्या पुढे जाऊ नका. प्रमुख पाहुण्यांना आठ मिनिटं द्या आणि आमंत्रणातच तसं कळवा. पाहुणा म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी इथूनच शिकून गेलेला कारागीर मिळाला तर सगळ्यात उत्तम.

दाराशी टेबलं मांडा आणि त्यावर जॉब ठेवा: कापलेले वेल्ड, डोव्हटेल फिटिंग, वायरिंगचे बोर्ड, शिवलेले कपडे. ज्याने केलं तो शेजारी उभा राहील आणि येणाऱ्याला सांगेल. घरच्यांना हात लावून पाहू द्या (धारदार कडा आधी घासून घ्या). अनेक पालकांनी आपलं मूल नेमकं काय शिकतं हे पाहिलेलंच नसतं, आणि बराच वेळ ते याच टेबलांपाशी रेंगाळतात. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल, टेबलांचा वेळ कापू नका.

गौरवाचे शब्द शक्यतो त्या व्यवसायाच्या निदेशकांनी वाचावेत. निवेदकाला टॉलरन्स आणि टेम्पलेट यांतला फरक माहीत नसतो, आणि चुकीचा उच्चार झाला की पहिल्या रांगेतली मुलं हसतात. व्यवसायांचा क्रम दरवर्षी बदला, म्हणजे तोच विभाग कायम शेवटी, रिकाम्या खुर्च्यांसमोर येणार नाही. संध्याकाळच्या बॅचची मुलं आणि कामावर असलेले अ‍ॅप्रेंटिस येऊ शकतील अशी वेळ निवडा. चाकाच्या खुर्चीवरून येणारा कुणी असेल तर उतार त्याच्यापुरता आयत्या वेळी टाकू नका, सगळ्यांनीच तिथून चढावं अशी रचना करा.

वर्षातून एक मोठा समारंभ असला तरी छोटे प्रसंग महिन्याला हवेत. सकाळच्या हजेरीच्या वेळी वर्कशॉपमध्येच पाच मिनिटं. निदेशक जॉब हातात घेऊन दाखवतात, काय बरोबर झालं ते सांगतात, जॉब सगळ्यांच्या हातांतून फिरतो. याला खर्च शून्य. मला विचाराल तर मोठ्या समारंभाला पैसे नसतील तर तो सोडून द्या, ही पाच मिनिटं सोडू नका.

नंतरची कामं

दोन दिवसांच्या आत प्रत्येकाला त्याचे गौरवाचे शब्द छापून, सही-शिक्क्यासह द्या, सोबत जॉबचा फोटो. नोकरीच्या मुलाखतीला नेण्याच्या फाइलमध्ये हा कागद पहिला लागतो. त्यावर काम, माप, प्रक्रिया आणि तारीख असल्याने समोरचा माणूस लगेच त्याबद्दल प्रश्न विचारतो, आणि मुलाला बोलायला हक्काचा विषय मिळतो.

महिन्याभरात यादीकडे पुन्हा एकदा पाहा. कोणत्या व्यवसायातून एकही नाव आलं नाही? मुली किती, संध्याकाळच्या बॅचचे किती, पहिल्या वर्षाचे किती? एखादा विभाग कोराच राहिला असेल तर तिथे यश नव्हतं असं समजू नका, तिथे तुमची साप्ताहिक चक्कर कमी पडली असेल. त्या निदेशकांकडे पुढच्या आठवड्यात सगळ्यात आधी जा.

सहा महिन्यांनी आणि मग दोन वर्षांनी, शिकून गेलेल्यांना फोन करा. अभिनंदनाच्या गप्पा थोडक्यात आटपा आणि विचारा: सध्या कोणत्या मशिनवर काम करतोस, इथे शिकलेलं काय कामी आलं, काय नव्याने शिकावं लागलं? उत्तरं त्या व्यवसायाच्या निदेशकांना लिहून द्या. आपण शिकवलेल्या एखाद्या गोष्टीवर कुणाचं तरी काम उभं आहे हे निदेशकांना सहसा कुणी सांगत नाही. आणि फोन ठेवण्याआधी त्या मुलाला विचारून ठेवा, पुढच्या वर्षी जॉब तपासायला परीक्षक म्हणून येशील का?